गावाची वाट आणि तुमचा पाट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग आहे. त्याला लागून जाणारा तीन मीटरचा रस्ता सहा मीटर करायचा ठराव गेल्या ग्रामसभेत हात वर करून झाला. वाढीव तीनही मीटर आमच्याच बाजूने घ्यायचे ठरलेत. लांबी सत्तर मीटर, म्हणजे 210 चौरस मीटर जागा, 26 पोफळी, 4 माड आणि रस्त्याच्या कडेने वाहणारा पाट जाणार. समोर एका पंचाची, म्हणजे पंचायत सदस्याची, चिऱ्यांची भिंत आहे, तिला हात लागत नाही. मी उभी राहून विरोध केला, पण एकटीच होते. आता पंचायतीतून स्टॅम्पपेपरवर ‘ना हरकत’ म्हणून सही मागतात. गाव म्हणतो, बहुमत झालं, आता आड येऊ नका. पुतण्या म्हणतो, जमीन हा आपला मूलभूत हक्क, कोणी हात लावू शकत नाही. सासरे म्हणतात, सत्तेपुढे शहाणपण नाही, सही करून मोकळी हो. बीएला माझं राज्यशास्त्र होतं. हॉब्स, लॉक, रूसो पाठ केले आणि विसरले. गाव, पुतण्या, सासरे या तिघांत बरोबर कोण? आणि मी करू काय? पुढची ग्रामसभा तीन आठवड्यांनी आहे.

ताई, नमस्कार.

आधी कामाचं. त्या कागदावर सही करू नका, आणि रागाच्या भरात तोंडी नकारही देऊन बसू नका. ‘लेखी कळवते’ एवढंच सांगा आणि कागदाची झेरॉक्स मागा. देत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यात सर्व्हे नंबर आहे का, 210 हा आकडा कुठे लिहिलाय का, मोबदल्याची एक तरी ओळ आहे का, ते पाहा. अशा कागदांत पुष्कळदा ‘रस्त्यासाठी लागेल तेवढी जागा देण्यास माझी हरकत नाही’ असं मोघम वाक्य असतं. लागेल तेवढी म्हणजे किती, हे मग जेसीबी चालवणारा ठरवतो.

आता तिघांत बरोबर कोण ते पाहू. प्रत्येकाचं निम्मं बरोबर आहे. ज्या विचारवंतांचं बोलणं ते नकळत बोलताहेत, ते विचारवंत मात्र इतकं सोपं बोललेले नाहीत, आणि तुमच्या उपयोगाचं तेच उरलेलं निम्मं आहे.

सासऱ्यांचं वाक्य घ्या. ते ऐकायला हार मानल्यासारखं वाटतं, पण त्यामागची भीती खरी आहे. इंग्लंडमध्ये 1642 पासून यादवी पेटली, 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, आणि त्या काळात जगलेल्या हॉब्सने 1651 मध्ये ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध केलं. सगळ्यांवर वचक ठेवणारी एक सत्ता नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीत जगतो, म्हणून लोक आपले हक्क तिच्या हाती सोपवतात, असं त्याचं म्हणणं. आपल्या परंपरेत याच भीतीचं नाव मात्स्यन्याय, मोठ्या माशाने धाकट्याला गिळणं. कौटिल्याने दंडाचं समर्थन केलं ते याच कारणाने. पण त्याच ठिकाणी तो सांगतो की फार कठोर दंड देणाऱ्याला लोक विटतात, फार मऊ असणाऱ्याला कोणी जुमानत नाही, आणि ‘यथार्हदण्डः पूज्यः’, म्हणजे योग्य तेवढाच दंड वापरणारा मान मिळवतो. हॉब्ससुद्धा म्हणतो की सत्ता रक्षण करू शकते तोवरच तिची आज्ञा पाळण्याचं बंधन. दोघांच्याही हिशेबात सत्तेला काम नेमून दिलंय, धाकट्या माशाला वाचवण्याचं. पंचाची भिंत सोडून तुमच्याकडून तीनही मीटर फुकट घेतले जात असतील तर ते नेमकं उलट काम झालं. सासऱ्यांशी भांडू नका. त्यांच्याच विचाराचं हे पुढचं पाऊल आहे.

पुतण्याचा मुद्दा कायद्यात चुकतो, आणि ते त्याला ग्रामसभेच्या आधीच सांगा, कारण भर सभेत कोणी ते दाखवून दिलं की तुमचं बाकीचं बोलणंही हलकं पडेल. मालमत्तेचा हक्क 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून मूलभूत हक्क राहिलेला नाही. आज तो अनुच्छेद 300अ खाली घटनात्मक हक्क आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे सरकार जमीन घेऊ शकतं, पण वाटेल तशी नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिकेच्या एका खटल्यात या एका ओळीच्या आत सात हक्क दडलेत असं उलगडून दाखवलं: नोटीस मिळणं, म्हणणं ऐकलं जाणं, कारणांसह निर्णय कळणं, सार्वजनिक हेतू असणं, रास्त मोबदला मिळणं, काम वेळेत आणि नीट होणं, आणि ते शेवटाला जाणं. ही सातची यादी वहीत लिहून काढा आणि तुमच्या ठरावात यांतलं काय काय घडलं त्यावर खूण करा. तुमच्या पत्रावरून तरी मला एकही खूण करता येत नाही.

पुतण्याच्या मागे उभा आहे लॉक. जमिनीत माणूस आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते, आणि मालकाच्या संमतीशिवाय राज्यकर्त्यालाही ती घेता येत नाही, हे त्याचं गाजलेलं म्हणणं. कुळागर राखणाऱ्याला ते लगेच पटतं. पोफळ लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षं जातात, तेवढी वर्षं कोणी नुसती मालकी म्हणून पाणी घालत नाही. पण संमती कोणाची, या प्रश्नावर तोच लॉक म्हणतो की करासारख्या बाबतीत बहुमताची, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधींची संमती पुरते. आणि एक गोष्ट त्याच्या चित्रात बसतच नाही. एकट्याने श्रम करून उभं राहिलेलं कुळागर मला माहीत नाही. तुमचा पाट कुठून येतो? वरच्या ओहोळाला दरवर्षी बांध घालावा लागतो, पाट उपसावा लागतो, पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात. हे सगळं चार-पाच घरं मिळून करतात, तेव्हा पाणी तुमच्या पोफळीपर्यंत पोचतं. तुमचं गावाला काही देणं आहे का, असं कोणी विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच द्यावं लागेल. रुग्णवाहिका आत यायला रस्ता रुंद हवा, हेही खरं असू शकतं. म्हणून तुमची भूमिका ‘रस्ता नको’ अशी असू नये. ती न्याय्य नाही, शिवाय टिकणारही नाही.

मग गाव बरोबर का? इथे थोडं थांबू, कारण सगळा पेच या ठिकाणी आहे.

गावाचं बोलणं रूसोचं आहे. 1762 मध्ये त्याने ‘सामाजिक करार’ मांडला आणि त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, लोकांच्या आपापल्या इच्छांची बेरीज. दुसरी, समाजाची सामाईक इच्छा, जी सगळ्यांच्या हिताकडे पाहते. हात मोजले की पहिली कळते, दुसरी कळेलच असं नाही. परीक्षेत आपण इथवर लिहून थांबतो. पुढचं वाक्य जास्त मोलाचं आहे: सामाईक इच्छा सगळ्यांकडून निघायला हवी आणि सगळ्यांना लागूही व्हायला हवी. ती एखाद्या ठरावीक माणसाकडे किंवा वस्तूकडे वळली की तिचा खरेपणा जातो, कारण तिथे कोणालाही स्वतःवर काही ओढवून न घेता दुसऱ्याचं देऊन टाकता येतं. तुमच्या ग्रामसभेत वर झालेल्या हातांपैकी किती जणांची एक मीटर तरी जागा जाणार होती?

रस्ता कुठून तरी जाणारच, त्यामुळे कोणाचं तरी ठरावीक कुंपण हलणारच, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रूसोकडे त्याचं उत्तर आहे. नियम सर्वसाधारण करावा आणि त्याची अंमलबजावणी ठिकाणानुसार व्हावी. म्हणून ग्रामसभेत विचारायचा प्रश्न असा: ‘हा ठराव गावाच्या कोणत्या नियमातून निघाला?’ ‘गावातले सगळे अंतर्गत रस्ते मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारखे वाढवायचे, जिथे घर किंवा विहीर येते तिथेच अपवाद’ हा नियम झाला. त्याखाली तुमच्याकडून दीड मीटर जाईल, म्हणजे 105 चौरस मीटर, आणि समोरच्या भिंतीलाही दीड मीटर मागे जावं लागेल. चिऱ्यांची भिंत पुन्हा बांधता येते. नियमच नसेल तर तो गावाचा निर्णय कमी आणि त्या दिवशी जमलेल्यांची सोय जास्त.

बहुमताची मर्यादा गोव्याला नव्याने शिकवावी लागत नाही. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात संघप्रदेश राहण्याच्या बाजूने 1,72,191 मतं पडली, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. फरक 34,021 चा. हे सदर वाचणाऱ्या कित्येक घरांची मतं हरलेल्या बाजूला होती. त्यांनी निकाल मानला. पण हरले म्हणून त्यांच्या घरादारावर, बोलण्यावर जिंकलेल्यांचा हक्क चालू झाला नाही, आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. एका प्रश्नावर बहुमत मिळालं म्हणजे सगळ्याच प्रश्नांवर मिळालं, असं होत नाही. त्याच कौलातली दुसरी गोष्ट तुमच्या जास्त उपयोगाची. कौल निःपक्षपणे व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचं, त्याच पक्षाचं, सरकार आधी पायउतार झालं होतं. आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे लॉकच्या सगळ्या राज्यविचाराचं मूळ आहे. ज्या पंचाची भिंत वाचते त्याने या विषयावर हात वर केला असेल, तर ‘सदर पंचांचा या रस्त्याच्या आखणीशी थेट संबंध आहे, याची नोंद व्हावी’ असं लेखी मागा. त्यांच्यावर आरोप करू नका. नोंद मागणं पुरे.

ग्रामसभेला कमी लेखू नका, असंही सांगेन. 1526 मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोंसु मेशियाने गावकरी या गावच्या जुन्या संस्थेच्या चालीरीती लेखी नोंदवल्या, तेव्हा ‘गाव’ म्हणजे मूळ वांगडांतले, म्हणजे घराण्यांतले पुरुष. बायका, कुळं, कामकरी त्या बैठकीत नव्हतेच. आज मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे, म्हणून तर तुम्ही तिथे उभं राहून बोलू शकलात. 24 एप्रिल 1993 ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, 1994 चा गोवा पंचायत राज कायदा आला, आणि तेव्हापासून गावागावांत लोकांनी या सभेत मोठमोठे प्रकल्प अडवलेत. पण घटना समितीत 4 नोव्हेंबर 1948 ला आंबेडकरांनी मसुदा मांडताना स्पष्ट म्हटलं होतं की या मसुद्याने खेडं हा घटक न धरता व्यक्ती हा घटक धरला, याचा आपल्याला आनंद आहे. गांधीजींच्या ग्रामस्वराज्यावर प्रेम असणाऱ्यांना ते बोचलं. खेड्यात बहुमत म्हणजे बहुतेकदा नातं, जात, वाडा, हे आंबेडकरांना अनुभवाने ठाऊक होतं. घटनेत शेवटी दोन्ही आलं, ग्रामपंचायतही आणि व्यक्तीचे हक्कही. माझं मत विचाराल तर दोन्ही भिडतात तिथे व्यक्तीच्या हक्काचं कुंपण आधी पाहावं, आणि त्या कुंपणाच्या आत गावाला हवं ते ठरवू द्यावं.

आता त्या सहीकडे वळू.

हॉब्स, लॉक, रूसो तिघेही राज्य लोकांच्या संमतीच्या करारातून उभं राहतं अशी भाषा बोलतात, पण त्या करारावर कोणाचीच सही नाही. स्कॉटिश विचारवंत ह्यूमने 1748 मध्ये हेच बोट ठेवलं: झोपेत जहाजावर चढवलेला माणूस भर समुद्रात उडी मारत नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाला संमती दिली असं म्हणायचं का? तुमच्याकडे मात्र खरी सही मागितली जातेय, म्हणजे तुमच्या संमतीला काही किंमत आहे हे मागणाऱ्यालाही कळतं. संमती खरी ठरायला तीन गोष्टी लागतात. काय देतोय हे नेमकं माहीत असणं, नाही म्हणण्याची मोकळीक असणं, आणि ज्याची वस्तू आहे त्यानेच ती देणं. तिन्ही तपासू.

पहिली, माहिती. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, आणि सर्व्हे प्लॅन काढा. कब्जेदाराच्या रकान्यात नावं कोणाची, कुळाच्या रकान्यात काही आहे का, ते पाहा. मग जागेवर जा. टेप घेऊन दर दहा मीटरवर आजचा रस्ता किती रुंद आहे ते मोजा, कारण कागदावरचा तीन मीटरचा रस्ता जागेवर कुठे अडीच तर कुठे साडेतीन निघतो, आणि प्लॅनवरच्या हद्दीपेक्षा समोरची भिंत पुढे आलेली असली तर ती इथेच सापडते. शंका असेल तर भूमापन खात्याकडून हद्द आखून घ्या. प्रत्येक झाडाला नंबर देऊन वय, फळतं की नाही, आणि फोटो. पाटाची रुंदी, खोली, आणि त्याच्यावर खाली एकूण किती झाडं पोसली जातात ती संख्या.

ही शेवटची संख्या सगळ्यात महत्त्वाची. पत्रात तुम्ही 26 पोफळी लिहिल्यात, पण नुकसान तेवढंच नाही. पाट उताराच्या हिशेबाने चालतो. तो तीन मीटर बाजूला सरकवला की पातळी बदलते. ठेकेदार अंदाजाने पाइप टाकतो, तो वर बसला तर पाणी मागे तुंबतं, फार खाली बसला तर वरच्या झाडांना चढत नाही. डिसेंबर ते मे पाळी चुकली तर खालची बागही सुकते. म्हणून रस्त्याला मान्यता द्यायची वेळ आली तरी अट घाला: नवा पाट आधी बांधून त्यातून पाणी चालवून दाखवायचं, जुना मग बुजवायचा. हे काम पावसाळा ओसरल्यावर आणि पाळ्या सुरू होण्याआधी व्हावं. पाट रस्त्याखालून न्यायचा असेल तर पाइपाच्या दोन्ही तोंडांना साफसफाईला चेंबर हवेत, नाहीतर झावळ्या आणि विऱ्या अडकून पहिल्याच वर्षी तो बंद पडेल.

दुसरी गोष्ट, मोकळीक. इथे सत्तेबद्दलचा अलीकडचा विचार कामी येतो. स्टीव्हन ल्यूक्सने 1974 मध्ये सत्तेचे तीन थर सांगितले. मतदानात कोण जिंकतं, हा वरचा थर. कोणता विषय सभेपुढे येतो आणि कोणता येतच नाही, हा मधला. आणि लोकांना मागावंसं तरी काय वाटतं, हा सगळ्यात खालचा. तुमच्या सभेत ‘दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर’ हा पर्याय मतालाच आला नाही. ‘साडेचार मीटर रस्ता आणि गाड्या बाजूला घ्यायला दोन ठिकाणी जागा’ हाही नाही. लोकांनी समोर ठेवलेल्या एकमेव गोष्टीला हात वर केला. म्हणून पुढच्या सभेत मागचा ठराव चूक होता हे सिद्ध करत बसू नका, त्यावर लोक इरेला पेटतात. पर्यायी आखणी विषयपत्रिकेवर घ्यायला आधीच लेखी अर्ज द्या.

आणि ओट्यावर कोणी बोलेनासं होतं, दुकानात विषय बदलतो, ते मी हलक्यात घेत नाही. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये लिहिलं की समाजाचा जुलूम सरकारी जुलमापेक्षा सुटायला कठीण, तो रोजच्या जगण्यात शिरतो. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. असा दाब कायद्याने हटत नाही. त्यावर उपाय माणसंच. हाना आरेन्ट म्हणते की सत्ता कोणा एकाच्या मालकीची नसते, माणसं मिळून काही करतात तिथे ती उभी राहते. 2007 च्या सुरुवातीला गोव्याच्या लोकांनी ‘प्रादेशिक आराखडा 2011’ हा जमीनवापराचा आराखडा सरकारला मागे घ्यायला लावला, तो असाच. तुमच्या पाटावर अवलंबून असलेली चार घरं हीच तुमची माणसं. त्यांच्याकडे ‘माझी जागा वाचवा’ म्हणून जाऊ नका, ‘आपला पाट’ म्हणून जा. अर्जावर पाच घरांच्या सह्या असल्या की तो एकटीचा हट्ट राहत नाही.

तिसरी गोष्ट, देणारा कोण. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि स्थावर मालमत्ता एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय देता येत नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून, जी 1870 पासून इथे लागू झाली, ही रीत आली. त्यामुळे तुमच्या यजमानांना एकट्याला गाठून सही घेतली तर ती अपुरी. कुळागर अजून सासऱ्यांच्या वडिलांच्या नावावर असेल आणि वाटण्या झाल्या नसतील, तर सगळ्या वारसांचा प्रश्न येतो. पुतण्याचं मत या कारणानेही महत्त्वाचं. नुसत्या स्टॅम्पपेपरने मालकी जात नाही, बक्षीसपत्रालाही दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते. पण असा कागद उद्या ‘यांची संमती होती’ म्हणून पुढे केला जातो. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये एका निरक्षर बाईची जमीन रस्त्यासाठी अशीच घेतली गेली. तिने तोंडी संमती दिली होती असं सरकार पन्नास वर्षांनी सांगत होतं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते झिडकारलं आणि मोबदला द्यायला लावला. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. तुमच्याकडे कागदावर काही लिहिलेलं नसणं, हेच आज तुमचं बळ आहे.

तीन आठवड्यांत करायचं ते असं. उद्याच पंचायत सचिवांकडे ठरावाची आणि इतिवृत्ताची प्रत मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलेलं सापडायची बरीच शक्यता आहे. तसं असेल तर दुरुस्तीची मागणी त्याच दिवशी. सोबत माहितीच्या अधिकाराखाली अंदाजपत्रक, आखणीचा नकाशा, सभेची नोटीस आणि हजेरीपट मागा. त्याला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून ते सभेपूर्वी मिळेल या भरवशावर राहू नका. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा.

सभेला वाचायचं निवेदन एका पानाचं असावं. असं काहीसं: ‘रस्ता रुंद होण्यास आमचा विरोध नाही. सध्याच्या आखणीत एका बाजूची 210 चौरस मीटर जागा आणि पाच घरांचा पाट जातो. दोन्ही बाजूंनी समान रुंदीकरणाचा पर्याय का घेतला नाही, याचं कारण सभेने नोंदवावं. पाट आधी हलवावा. जागा घ्यायची असल्यास मोजणी करून, मोबदला देऊन, कायद्याने घ्यावी. आमची हरकत नावानिशी इतिवृत्तात नोंदवावी.’ वाचा, प्रत सचिवांच्या हाती द्या, खाली बसा. मध्येच कोणी बोललं तरी उत्तर देत राहू नका.

गावाने कारणं दिली आणि ती पटली तर जागा द्या, पण नोंदणीकृत दस्ताने, नेमकं क्षेत्रफळ आणि पाटाची अट लिहून. पटली नाहीत आणि सरकारने संपादन करायचं ठरवलं तर 2013 चा भूसंपादन कायदा आहे. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी म्हणणं ऐकलंच पाहिजे. मोबदल्यात झाडांची किंमत येते, ठरलेल्या रकमेवर तेवढीच दिलासा रक्कम मिळते, आणि जमीन तुटल्याने उरलेल्या जागेचं होणारं नुकसानही धरायचं असतं. पाटावरच्या झाडांची ती संख्या इथे लागेल. निवाडा तुमच्यासमोर झाला आणि रक्कम कमी वाटली तर सहा आठवड्यांच्या आत लेखी अर्ज द्यावा लागतो. लोक इथेच चुकतात, रक्कम उचलतात आणि हरकत नोंदवायला विसरतात.

काहीच न करता एका शनिवारी जेसीबी येऊन उभा राहिला तर त्याच्या आडवं पडू नका. व्हिडिओ काढा, मामलेदारांना आणि पोलिसांना फोन करून लगेच लेखी कळवा, आणि सोमवारी वकिलामार्फत मनाईसाठी कोर्टात जा. पर्वरीच्या उच्च न्यायालयाचं दार अनुच्छेद 226 खाली उघडं आहे. वकिलाच्या फीची काळजी असेल तर लक्षात ठेवा, विधी सेवा कायद्याखाली महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा.

सासऱ्यांना काय सांगायचं, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रात ते जाणवतं. त्यांना सही करायला किंवा न करायला सांगू नका. पाट कधी काढला, कोणाच्या वडिलांनी बांध घातला, पाणी कोणत्या वारी कोणाकडे जायचं, हे आज त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? या आठवड्यात त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, ते सांगतील तसं लिहा, त्यांना वाचून दाखवा, खाली तारीख घाला आणि त्यावर त्यांची सही घ्या.